फ्री पेज रिपोर्टिंग: काम चोख, पण अडलं तर अवाक्षर काढत नाही

व्हर्टिओ-बलून म्हणजे व्हीएमच्या (आभासी मशीनच्या) मेमरीबद्दल होस्टशी बोलणी करणारं आभासी डिव्हाइस. त्यातलं फ्री पेज रिपोर्टिंग, म्हणजे गेस्टने (व्हीएमच्या आतल्या सिस्टमने) सोडलेली मेमरीची पेजेस होस्टला (खालच्या खऱ्या मशीनला) कळवून परत करणं, हा आकाराने किरकोळ बदल आहे. गेस्टच्या कर्नलमध्ये काही शे ओळींची एक फाइल, बलून ड्रायव्हरमध्ये एक जादा क्यू आणि होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅममध्ये पानभराचं एक फंक्शन. गेस्टची बाजू लिनक्स ५.७ मध्ये आली, होस्टची क्यूईएमयू ५.१ मध्ये, दोन्ही २०२० साली. व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टने ६.९ पासून त्याला व्हीएमच्या एक्सएमएल वर्णनात जागा दिली. एवढ्याशा कोडने केव्हीएमवरचं (लिनक्स कर्नलमधली व्हीएम चालवायची सोय) एक जुनं दुखणं बऱ्यापैकी बरं केलं, म्हणून पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

दुखणं असं: गेस्टमध्ये ८ जीबीपैकी ६ जीबी मोकळी दिसते, पण होस्टवर त्याच व्हीएमची प्रोसेस साडेसात जीबी धरून बसलेली असते. गेस्टने एखाद्या पेजला पहिल्यांदा हात लावला की होस्ट खरी मेमरी देतो. नंतर गेस्टने ते पेज सोडलं तरी होस्टला ते कळायची काही सोय नव्हती. भाडेकरूने खोली रिकामी केली, पण किल्ली खिशातच ठेवली, असा प्रकार. होस्टला मेमरी कमी पडली की तो बिचारा हा रद्दी मजकूरही इमानेइतबारे स्वॅपवर लिहीत बसायचा.

गेस्टमधला कोड आधी बघू, कारण या बदलाची खरी गुणवत्ता तिथे आहे. बडी अ‍ॅलोकेटर (कर्नलमधला मोकळ्या मेमरीचा कारभारी) पेज परत घेतो त्या फंक्शनच्या शेवटी एक तपासणी वाढली आहे: मोकळा तुकडा ठरलेल्या ऑर्डरचा (सलग पेजेसची संख्या म्हणजे दोनाचा कितवा घात, ती ऑर्डर) किंवा त्याहून मोठा असेल तर रिपोर्टिंगला खबर द्यायची. ही तपासणी स्टॅटिक ब्रांचमागे आहे, त्यामुळे रिपोर्टिंग बंद असेल तेव्हा तिथे नुसता नॉप, म्हणजे काहीच न करणारी सूचना, उरतो. सगळ्या गेस्टच्या, सगळ्या सीपीयूंच्या वाटेत येणाऱ्या फंक्शनला हात लावताना एवढी काळजी हवीच.

एक्स८६वर ही ऑर्डर ९ आहे, म्हणजे सलग २ एमबी. त्याहून लहान तुकड्यांची दखलच घेतली जात नाही. खबर मिळाल्यावरही लगेच काही होत नाही; २ सेकंदांनी चालणारं डिलेड वर्क लावलं जातं. हे दोन आकडे म्हणजे या बदलाचा कणा आहे. २ एमबीमुळे होस्टचं ट्रान्सपरंट ह्यूज पेज (नेहमीच्या ४ केबीऐवजी २ एमबीचं मोठं पेज) मधून फाटत नाही, जातं ते सबंध जातं. २ सेकंदांमुळे सोडली-घेतली, सोडली-घेतली असं करणाऱ्या प्रोग्रॅमची मेमरी उगाच होस्टकडे खेपा घालत नाही.

वर्क चालू झालं की गेस्ट एकेक झोन (कर्नलने पाडलेला रॅमचा विभाग) घेतो. झोन लॉक धरून जास्तीत जास्त ३२ तुकडे यादीतून बाजूला काढतो, लॉक सोडतो आणि मग ते व्हर्टिओ क्यूवर ठेवून होस्टच्या पोचपावतीची वाट बघतो. होस्टशी बोलताना झोन लॉक हातात नसतो, ही बाब महत्त्वाची. पोच आली की तुकडे यादीच्या शेपटाला परत जातात आणि त्यांच्यावर ‘रिपोर्टेड’ असा शिक्का बसतो, म्हणजे पुढच्या फेरीत तेच पुन्हा पाठवायला नको. पेज फ्लॅगमधला प्रत्येक बिट सोन्याच्या भावाचा. इथे नवा बिट खर्च केलेला नाही. ‘अपटुडेट’ हा बिट मोकळ्या पेजवर निरर्थक असतो, तोच उसना घेतला आहे. तुकडा वाटपात गेला, की शिक्का पुसला जातो. शेपटाला ठेवण्यातही शहाणपण आहे: नवी मागणी आली तर यादीच्या डोक्याकडची, होस्टकडे अजून शाबूत असलेली पेजेस आधी खर्ची पडतात.

एका फेरीत एका यादीचा साधारण सोळावा हिस्साच उरकला जातो. उरलेलं पुढच्या फेरीला, २ सेकंदांनी. म्हणजे गेस्टने एकदम बरीच मेमरी सोडली तरी ती होस्टकडे पोचायला अर्धा मिनिट धरून चालायचं. ‘सुरू केलं पण काहीच घडलं नाही’ म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तेवढा धीर धरलेला नसतो.

वॉटरमार्कच्या तपासणीवर मात्र थोडं थांबावं लागेल. झोनमध्ये लो वॉटरमार्कच्या (मोकळ्या मेमरीची कर्नलने ठरवलेली खालची पातळी) वर ३२ तुकडे मावतील एवढी मेमरी मोकळी नसेल, तर त्या झोनला हातच लावला जात नाही. २ एमबीच्या हिशेबाने ती झाली ६४ एमबी. पण यादीत ऑर्डर १०चे, म्हणजे ४ एमबीचे तुकडेही असतात. तसे ३२ काढले तर १२८ एमबी तात्पुरती गायब होते. वाचताना इथे खटकतं. पण पेज बाजूला काढणारं फंक्शन स्वतः मिन वॉटरमार्क पुन्हा तपासतं, त्यामुळे गेस्ट त्या क्षणी तोंडघशी पडत नाही. हिशेब ढोबळ आहे, धोका नाही. याचा एक परिणाम लक्षात ठेवावा: १६ एमबीचा डीएमए झोन या अटीत कधीच बसत नाही आणि १२८ किंवा २५६ एमबीच्या चिमुकल्या गेस्टकडून फारसं काही परत मिळत नाही.

आता होस्टची बाजू. क्यूईएमयूमधलं फंक्शन क्यूवरून तुकडे उचलतं, प्रत्येकाचा रॅम ब्लॉक शोधतं आणि तो भाग टाकून देतं. साध्या अनामिक (फाइलचा आधार नसलेल्या) मेमरीसाठी मॅडव्हाइज या सिस्टम कॉलचा ‘डोन्ट नीड’, मेमएफडी किंवा ह्यूजटीएलबीएफएससारख्या फाइलवर उभ्या असलेल्या मेमरीसाठी फॉलोकेटचा ‘पंच होल’. कर्नल एमएमयू नोटिफायरमार्फत केव्हीएमला कळवतो, ईपीटीमधली (गेस्टचे पत्ते होस्टच्या पत्त्यांशी जोडणारा तक्ता) नोंद पुसली जाते, टीएलबी (सीपीयूतली पत्त्यांची कॅश) फ्लश होतो. गेस्टने ते पेज पुन्हा मागितलं की नवा फॉल्ट आणि शून्यांनी भरलेलं पेज.

पाचवा तारा इथे गेला. या फंक्शनमध्ये तुकडा न टाकता पुढे जाण्याच्या वाटा आहेत, प्रत्येक वाट रास्त आहे, आणि एकही वाट कुणाला काही सांगत नाही.

पहिली वाट व्हीएफआयओची. गेस्टला पीसीआय डिव्हाइस थेट दिलं असेल तर त्याची सगळी मेमरी पिन केलेली, म्हणजे जागेवर खिळवलेली असते आणि आयओएमएमयूमध्ये (डिव्हाइससाठी पत्ते उलगडणारं हार्डवेअर) तिचे भौतिक पत्ते पक्के बसलेले असतात. अशा वेळी पेज टाकून दिलं तर सीपीयूला नवं पेज मिळेल आणि डिव्हाइस जुन्यावरच डीएमए (सीपीयूला वगळून थेट वाचणं-लिहिणं) करत राहील. डेटाची वाट लागेल आणि कळणारही नाही. म्हणून क्यूईएमयू टाकून देणंच बंद करतं, हे बरोबरच. एएमडीच्या एसईव्ही सोयीने मेमरी एन्क्रिप्ट केलेल्या गेस्टचंही तेच. पण गेस्टला हे कुणी सांगत नाही. तो नेमाने २ सेकंदांनी तुकडे काढतो, पाठवतो, पोच घेतो, शिक्के मारतो. गेस्टच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘फ्री पेज रिपोर्टिंग एनेबल्ड’ अशी ओळ झळकत असते आणि होस्टवर एक बाइटही सुटत नाही.

दुसरी वाट अलाइनमेंटची. तुकड्याची सुरुवात आणि लांबी रॅम ब्लॉकच्या पेज साइजला जुळत नसेल तर तो सोडून दिला जातो. गेस्टची मेमरी २ एमबीच्या ह्यूज पेजेसवर असेल तर प्रश्न नाही. १ जीबीच्या ह्यूज पेजेसवर असेल तर गेस्ट पाठवणार २ नाहीतर ४ एमबी, हवेत सलग १०२४. एकही तुकडा कधीच जुळणार नाही. सगळी यंत्रणा चालू, फळ शून्य.

तिसरी वाट पेज पॉइझनिंगची. डीबगसाठी गेस्टमध्ये पॉइझनिंग चालू असेल तर मोकळ्या पेजमध्ये ०एक्सएए हा नमुना भरलेला असतो आणि तो तसाच सापडेल अशी कर्नलची अपेक्षा असते. टाकून दिलेलं पेज शून्य होऊन परत येईल, म्हणून क्यूईएमयू त्याला हात लावत नाही. ‘इनिट ऑन फ्री’ चालू असेल तर अपेक्षा शून्याचीच असते, तेव्हा अडचण नाही. मात्र इथे एक आडवळण आहे. क्यूईएमयूचे ५.० आणि त्याआधीचे मशीन टाइप पॉइझनचा फीचर बिट देतच नाहीत. तसा जुना मशीन टाइप आणि ‘इनिट ऑन फ्री’ चालू असलेला कडक बंदोबस्ताचा कर्नल, अशी जोडी जमली की गेस्टचा ड्रायव्हर स्वतःच रिपोर्टिंगवर पाणी सोडतो. वर्षानुवर्षं चालत आलेल्या व्हीएमचा एक्सएमएल तसाच पुढे नेला असेल तर हे हमखास सापडतं. उपाय: व्हीएम बंद करून मशीन टाइप वर न्या.

याशिवाय पोस्टकॉपी मायग्रेशन (व्हीएम आधी हलवून तिची मेमरी मागाहून आणणं) येत असताना आणि बॅकग्राउंड स्नॅपशॉट चालू असताना टाकून देणं थांबतं. मेमरी एमलॉकने रॅममध्येच बांधलेली असेल तर मॅडव्हाइजच नकार देतो.

त्यामुळे सुरू करण्यापेक्षा तपासण्याला जास्त वेळ द्यावा. सुरू करणं सोपं आहे: क्यूईएमयूत बलून डिव्हाइसला फ्री-पेज-रिपोर्टिंग ऑन द्या, लिबव्हर्टमध्ये मेमबलून या घटकावर तोच गुण ऑन करा. मुळात तो ऑफ असतो. बलून फुगवायची गरज नाही, तो शून्यावर असला तरी चालतो. गेस्टच्या कर्नलमध्ये वेगळं काही निवडावं लागत नाही. व्हर्टिओ-बलून घेतलं की पेज रिपोर्टिंग आपोआप येतं.

तपासणी तीन पायऱ्यांत करा. आधी गेस्टच्या सिसएफएसमध्ये व्हर्टिओ डिव्हाइसची ‘फीचर्स’ फाइल उघडा. त्यात शून्य-एकची लांब ओळ असते, डावीकडून बिट ० पासून. डावीकडून सहावा अंक, म्हणजे बिट ५, रिपोर्टिंगचा. तो १ नसेल तर बोलणीच फिसकटली आहेत: गेस्टचा कर्नल जुना, होस्टवर गुण ऑन नाही, नाहीतर वर सांगितलेलं पॉइझनचं आडवळण. बिट ४ पॉइझनचा, बिट ३ फ्री पेज हिंटचा. हिंट आणि रिपोर्टिंग यांची गल्लत फार होते. हिंट फक्त मायग्रेशनच्या वेळी मोकळी पेजेस पाठवायची टाळण्यासाठी आहे. होस्टला मेमरी परत करण्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरी पायरी, प्रत्यक्ष चाचणी. ८ जीबीचा गेस्ट घ्या. होस्टवर क्यूईएमयू प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधला व्हीएम-आरएसएस (प्रोसेसने प्रत्यक्ष धरलेली रॅम) टिपून ठेवा, किंवा व्हर्शच्या डोममेमस्टॅटमधला आरएसएस. गेस्टमध्ये टीएमपीएफएसवर (रॅममध्येच राहणारी फाइलसिस्टम) डीडी कमांडने यूरँडममधून ३ जीबीची फाइल लिहा. ३ एवढ्यासाठी की टीएमपीएफएसची मूळ मर्यादा रॅमच्या निम्मी, म्हणजे ४ जीबी असते. आणि यूरँडम एवढ्यासाठी की होस्टवर केएसएम (सारखी पेजेस एकत्र करणारी कर्नलची सोय) चालू असेल तर शून्यांची पेजेस तो एकत्र करून आकडे बिघडवतो. आरएसएस चढलेला दिसेल. न चढला तर ती पेजेस होस्टकडे आधीपासूनच होती, चाचणी बिघडलेली नाही. आता फाइल पुसा आणि मिनिटभर थांबा. आरएसएस जवळपास ३ जीबीने उतरला तर काम झालं. ह्यूजटीएलबी वापरत असाल तर आरएसएस बघू नका, ती पेजेस त्यात मोजली जात नाहीत. होस्टच्या मेमइन्फोमधला मोकळ्या ह्यूज पेजेसचा आकडा बघा.

आकडा हललाच नाही तर तिसरी पायरी: एस-ट्रेसने (प्रोसेसचे सिस्टम कॉल दाखवणारं साधन) क्यूईएमयूचे फक्त मॅडव्हाइज आणि फॉलोकेट हे कॉल टिपा आणि गेस्टमधली फाइल पुन्हा लिहून पुसा. २ एमबीच्या पटीतले कॉल दिसले पाहिजेत. बिट ५ वर १ आहे, गेस्टने मेमरी सोडली आहे आणि तरी एकही कॉल येत नाही, तर वरच्या वाटांपैकी एक लागू आहे. कॉल येतात पण अयशस्वी होतात, तर एमलॉक तपासा. होस्टवर हा उद्योग करायला लागणं हीच तक्रार आहे. स्वीकारलेल्या आणि सोडून दिलेल्या तुकड्यांचे दोन काउंटर मॉनिटरमध्ये दिसले असते तर भागलं असतं.

चाचणीत पास झालेली व्हीएमही रोजच्या वापरात मेमरी परत देईनाशी होते, आणि त्यात या बदलाचा दोष नसतो. सगळ्यात मोठं कारण पेज कॅश. गेस्टने रात्रभर बॅकअप घेतला, लॉग चाळले, की उरलेली सगळी रॅम फाइलींच्या कॅशमध्ये जाते. ‘फ्री’ कमांडमध्ये ‘अव्हेलेबल’खाली ती दिसते, ‘फ्री’खाली नाही. रिपोर्टिंगला दिसतो तो फक्त ‘फ्री’चा रकाना. गेस्टमध्ये ड्रॉप-कॅशेसला १ लिहिलं की मेमरी सुटते, पण दर तासाला क्रॉनमधून हे करणं म्हणजे डिस्कचा जीव काढणं. कॅश खरंच आवरायची असेल तर गेस्टला मुळात रॅम कमी द्या, किंवा बलून फुगवा. फुगवताना गेस्टला कॅश सोडावीच लागते.

दुसरं कारण फ्रॅगमेंटेशन. गेस्टमधलं बडीइन्फो (कोणत्या ऑर्डरचे किती तुकडे मोकळे, त्याची यादी) उघडा. ११ रकाने असतात, ऑर्डर ० ते १०. आपल्या कामाचे शेवटचे दोनच. समजा नॉर्मल झोनच्या ओळीत शेवटी ८१२ आणि ६४० दिसले, तर ८१२ गुणिले २ आणि ६४० गुणिले ४, एकूण ४१८४ एमबी एवढंच रिपोर्ट होऊ शकतं. डावीकडच्या रकान्यांत कितीही मोठे आकडे असले तरी ती चिल्लर होस्टपर्यंत पोचत नाही. कॉम्पॅक्ट-मेमरीला १ लिहून डावीकडची चिल्लर उजवीकडे सरकते का ते बघता येतं.

किंमत काय मोजावी लागते? बहुतेक वेळा थोडी. परत मागितलेल्या पेजसाठी ईपीटी व्हायोलेशन (तक्त्यात नोंद नसल्याने येणारा फॉल्ट), होस्टवर वाटप आणि शून्य भरणं. होस्टला ह्यूज पेज मिळालं तर हे २ एमबीला एकदा होतं, नाही मिळालं तर ४ केबीच्या हिशेबाने ५१२ वेळा. अनामिक मेमरीसाठी क्यूईएमयू ह्यूज पेजची शिफारस स्वतःच करतं, त्यामुळे होस्टवर ट्रान्सपरंट ह्यूज पेज ‘मॅडव्हाइज’वर असलं तरी पुरतं. पण व्हर्टिओ-एफएस किंवा व्हीहोस्ट-यूजरसाठी शेअर्ड मेमएफडी लावलं असेल तर तिथे ह्यूज पेजसाठी शेममचं (शेअर्ड मेमरीचं) वेगळं बटण चालतं आणि ते मुळात ‘नेव्हर’वर असतं. अशा गेस्टला रिपोर्टिंग महाग पडतं. प्रतिसादाच्या वेळेत मिलिसेकंदही इकडचा तिकडे झालेला चालत नाही, अशा डेटाबेसच्या व्हीएमवर हे लावू नये. लावून फायदाही नाही, कारण तो डेटाबेस मेमरी सोडतच नाही. बिल्ड चालवणाऱ्या, दिवसा राबून रात्री पडून राहणाऱ्या, चाचणीपुरत्या उभ्या केलेल्या व्हीएमना मात्र डोळे झाकून लावावं.

२ एमबीच्या ह्यूजटीएलबी पूलवर चालवत असाल तर सांभाळून. सुटलेलं पेज पूलमध्ये जातं, दुसरी व्हीएम ते उचलू शकते. पहिलीला पुन्हा हवं झालं आणि पूल रिकामा असला तर सिगबस, म्हणजे प्रोसेस मारणारा सिग्नल. साध्या मेमरीवर स्वॅप तरी असतो, इथे मधली पायरीच नाही. आणि एकूणच, सुटलेली मेमरी बघून होस्टवर आणखी व्हीएम कोंबताना हे ध्यानात असू द्या की रिपोर्टिंग ही मर्यादा नव्हे. गेस्ट आपली पूर्ण रॅम केव्हाही परत मागू शकतो, कुणाला न विचारता. सगळ्यांनी एकदम मागितली तर होस्टचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) क्यूईएमयूवरच येतो. मर्यादा हवी तर बलून, आणि व्हीएफआयओसोबत मेमरी कमी-जास्त करायची तर व्हर्टिओ-मेम हे वेगळं डिव्हाइस. ते टाकलेल्या भागाची व्हीएफआयओला रीतसर खबर देतं.

एआरएम६४वर ६४ केबीची पेजेस असलेल्या कर्नलमध्ये पेजब्लॉक (कर्नल एकत्र हाताळतो तो सलग पेजेसचा गट) ५१२ एमबीचा होतो, आणि सुरुवातीला रिपोर्टिंगची ऑर्डर त्यालाच बांधलेली होती. सलग मोकळे ५१२ एमबी कोण देणार? २०२१ मध्ये ही ऑर्डर वेगळी केली आणि ड्रायव्हर अशा कर्नलवर ५ धरू लागला, म्हणजे पुन्हा २ एमबी. त्याआधीचा कर्नल असेल तर खटपट न करता अपग्रेड करा.

शेवटी एक खाचखळगा, जो फक्त कोड वाचल्यावर दिसतो. क्यूईएमयूने तुकडा टाकला की सोडून दिला, हे गेस्टला कळत नाही. पोच दोन्ही वेळा सारखीच येते, आणि टाकून देणाऱ्या फंक्शनचा परतावाही कुणी बघत नाही. गेस्ट शिक्का मारून मोकळा होतो. त्यामुळे व्हीएफआयओ डिव्हाइस चालू व्हीएममधून काढून घेतलं, बंदी उठली, तरी आधी शिक्का बसलेली पेजेस पुन्हा पाठवली जात नाहीत. बलून ड्रायव्हर काढून पुन्हा घातल्यानेही ते शिक्के जात नाहीत. ती पेजेस एकदा वापरात येऊन सुटावी लागतात. तेव्हा डिव्हाइस काढल्यावर गेस्टमध्ये टीएमपीएफएसची तीच मोठी फाइल एकदा लिहा, पुसा आणि मिनिटभराने आरएसएस बघा.